शीळवाट

रूथाबेल क्रेल पोटासाठी काय करायची, असं आमच्या बेटावर कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: लोकांना रडवायची.

शनिवार-रविवारी अकरा वाजले की डोक्याला फडकं बांधून आणि घोट्यापर्यंतचा जाडाभरडा झगा घालून ती क्रेल हॉल ह्या गुलामांच्या काळातल्या कापसाच्या मळ्यावरच्या जुन्या चुलीपाशी उभी राहायची. पुढच्या पाऊण तासात ओहायोहून, मिनेसोटाहून, कुठून कुठून आलेल्या भल्या माणसांना ती ढसाढसा रडवून सोडायची. पगार त्याचाच होता. घरी हीच बाई पॅन्ट घालून सोफ्यावर पाय पसरायची आणि टीव्हीवर बास्केटबॉल बघत पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण ते बघायला तिकीट कोण काढणार?

तिचा हुकमी एक्का म्हणजे शीळवाट. जुन्या काळी आगीच्या भीतीनं स्वयंपाकघर मोठ्या घरापासून लांब बांधायचे, आणि मधे विटांची पायवाट असायची. गुलाम बायका भरलेली ताटं घेऊन त्या वाटेनं जायच्या आणि जाताना मोठ्यानं शीळ घालत राहायच्या. मालकाचा हुकूमच तसा. तोंड शिळेत गुंतलं की घास आत जात नाही. शीळ थांबली की मालक समजायचा, खाल्लंन! मग चाबूक निघायचा. एवढं सांगून झालं की रूथामावशी रिकामं ताट उचलायची, चर्चमधली एक जुनी चाल शिळेवर घेत वाटेनं निघायची, आणि मधेच थांबायची. एकदम गप्प. त्या शांततेत निम्मी गर्दी हुंदके द्यायला लागायची.

"कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे," ती सांगायची. "दोन पावलं आधी थांबलं तर नुसते हळहळतात मेले. रडत नाहीत."

रडून झालं की बर्फ घातलेलं लिंबू सरबत मिळायचं. मग दुकान. तिथं कापसाच्या खऱ्या बोंडांच्या माळा आणि 'आम्ही विसरणार नाही' असं भरतकाम केलेले हात पुसायचे रुमाल. आणि चार वाजता, जिथं माणसं लिलावाला उभी करायचे त्याच ओकच्या झाडाखाली कुणाचं तरी लग्न लागायचं. झाड फोटोत फार सुंदर येतं, त्याला कोण काय करणार!

ह्या सगळ्याचा मालक लँगडन क्रेल. आडनाव तेच? तेच. मालकाचंही क्रेल आणि चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईचंही क्रेल. ते कसं काय, ह्याचा खुलासा तिकिटात येत नाही. "आपण एकाच घरातले, मिस रूथाबेल," असं लँगडन पगारवाढीचा विषय निघाला की हमखास म्हणायचा.

लँगडनसारखा पश्चात्ताप करणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत झाला नाही. त्याच्या आज्याला कधी पश्चात्ताप झाला नाही, बापाला वेळ मिळाला नाही, त्यामुळे तिघांचा मिळून ह्यानं एकट्यानं केला. घराण्यानं ज्यांना गुलाम म्हणून राबवलं त्यांची नावं त्यानं काळ्या दगडावर कोरून घेतली होती, आणि दर सोमवारी तो त्या भिंतीपुढं अनवाणी उभा राहायचा. फोटो काढणारा पोरगा बूट घालूनच असायचा, कारण तिथल्या गवतात मुंग्या फार.

आता मागच्या बाजूचं सांगते. लग्नांचं जेवण काही जुन्या चुलीवर होत नव्हतं. पाइनच्या झाडांआड पत्र्याचं मोठं स्वयंपाकघर होतं, आणि त्याच्याही मागं चाकांवरच्या दोन खोल्या. तिथं पाच फिलिपिनो बायका राहायच्या. हंगामी व्हिसावर एका एजंटानं आणलेल्या. भाज्या चिरणं, भांडी घासणं, वाढणं आणि पुन्हा भांडी घासणं. पर्यटकांच्या नकाशात तेवढी जागा हिरवी रंगवलेली होती. पासपोर्ट पहिल्याच दिवशी लँगडननं काळजीपोटी आपल्या तिजोरीत ठेवले होते, आणि कागदाशिवाय फाटकाबाहेर पाय टाकलात तर पोलीस उचलतील, हेही काळजीपोटीच सांगून ठेवलं होतं.

त्यांतली मारिविक नावाची पोरगी रूथामावशीला भातामुळं भेटली. आमची बेटावरची माणसं भाताशिवाय जेवत नाहीत, पोट भरलं असं वाटतच नाही. एकदा मोठ्या पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड मारिविक खुरपून खुरपून काढत होती, आणि रूथामावशी नेमकी तेवढ्याचसाठी चमचा घेऊन आत आली.

"माझी आहे ती," मावशी म्हणाली.

"अर्धी," मारिविक म्हणाली.

दोघी तिथंच पालथ्या बादल्यांवर बसून खरवड चावत राहिल्या. त्या दिवसापासून मारिविकही तिला मावशी म्हणायला लागली.

मे महिन्यात एका सकाळी मारिविक कांदे चिरत होती आणि समोर कांदा नव्हता. रूथामावशीनं पाहिलं, नुसत्या फळीवर सुरी चाललीय.

"काय गं झालं?"

"आई गेली, मावशी."

सुरी काढून घ्यायला मावशीला जोर लावावा लागला. मग हळूहळू सगळं कळलं. मारिविकच्या गावी माणूस गेलं की मयताची पेटी घरात ठेवतात, गावकरी दिवसरात्र कॉफी पीत, पत्ते खेळत सोबत करतात, आणि परदेशातलं पोर येईपर्यंत पुरत नाहीत. देह टिकावा म्हणून औषध टोचून ठेवतात आणि वाट बघतात. एकुलती एक लेक होती ती. घरात पेटी उघडी होती आणि सगळे तिच्या वाटेकडं डोळे लावून बसले होते.

"मी सरांना विचारलं," ती म्हणाली. "ते रडले."

"आणि?"

"आणि हंगाम संपल्यावर जा म्हणाले."

रूथामावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आमच्या बेटावरही मयत झालं की न्यूयॉर्कचा शेवटचा पुतण्या बसमधून उतरेपर्यंत पेटीचं झाकण लागत नाही. माणसाला कुणीतरी आपलं शेवटचं बघायला हवं, ह्याच्यावर आमच्याकडं वाद नसतो. ती तशीच, डोक्याचं फडकंही न सोडता, लँगडनच्या ऑफिसात गेली. ऑफिस शीळवाटेच्या कडेलाच, जिथं पूर्वी मांसाला धुरी द्यायचे त्या विटांच्या खोलीत होतं.

"मिस्टर क्रेल, पोरीची आई मेलीय."

"ठाऊक आहे मला, मिस रूथाबेल." त्याचे डोळे भरून आलेच. "काल मेणबत्ती लावली मी. मोठं पुष्पचक्रही पाठवतोय."

"चक्र राहू द्या. पासपोर्ट द्या."

"तो तिजोरीत सुखरूप आहे. तिच्याकडून हरवला म्हणजे?"

"हरवला तर तिचा हरवेल! तुमच्या का पोटात दुखतंय?"

"मे महिना आहे हो. एक शनिवार मोकळा नाही. करार झालाय. हंगाम संपू दे, मी स्वतः तिला विमानतळावर सोडीन."

"तोवर मढं काय पत्ते खेळत बसेल?" मावशीचा आवाज चढला. "आईला माती द्यायला जाऊ देत नाही, कागद देत नाही, फाटकाबाहेर पाय टाकू देत नाही. ह्याला आमच्यात एक जुना शब्द आहे, मिस्टर क्रेल. मी तो आठवड्यातून दोनदा चुलीपाशी उभी राहून सांगते."

लँगडन पांढराफटक पडला. "तो शब्द नको! ह्या जागेत तो शब्द पवित्र आहे. किती माणसांनी भोगलंय ते! असा ऊठसूट वापरायचा नसतो तो. त्यांचा अपमान होतो."

"कुणाचा?"

"तुमच्या पूर्वजांचा," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच राग आला होता.

आपल्या पणजीची बाजू घेऊन आपल्यावरच डाफरणारा माणूस रूथामावशीनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. ती बाहेर पडली.

त्या शनिवारी तिनं शीळवाटेची गोष्ट अर्ध्यावरच सोडली. मागं गेली आणि मारिविकला हाताला धरून लोकांसमोर उभं केलं. अंगावर ओला अ‍ॅप्रन, हाताला साबणाचा फेस.

"ही मारिविक," ती म्हणाली. "जुनी गोष्ट नाही ही, आजची आहे. हिची आई मेलीय आणि पेटी हिच्यासाठी उघडी ठेवलीय. हिचा पासपोर्ट त्या खोलीतल्या तिजोरीत आहे. मालक तो देत नाही. हिला इथून जाता येत नाही. बघा हिच्याकडं नीट."

लोकांनी नीट बघितलं. आणि मग काय विचारता! असं रडणं त्या चुलीनं कधी ऐकलं नव्हतं. पुरुष चष्मे काढून उभे. एक बाई तर खालीच बसली. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं अंगण टाळ्यांनी दणाणून गेलं.

खाली बसलेली बाई उठून मारिविकच्या गळ्यात पडली. "किती खरं वाटलं गं! अभिनय शिकलीस कुठं?"

"माझी आई खरंच मेलीय," मारिविक म्हणाली.

"अगं बाई!" ती नवऱ्याकडं वळली. "बघ, अजून भूमिकेतून बाहेरच आली नाहीये ती."

त्या गर्दीत कौंटीचा एक फौजदारही होता, सुट्टीवर, बायकोबरोबर. त्याला पाहून मावशीच्या जिवात जीव आला. ती धावत त्याच्याकडं गेली.

"साहेब, खोटं नाही हो ते. तिजोरी तिथं आहे. उघडून बघा."

"कमाल केलीत मिस रूथाबेल," तो नाक पुसत म्हणाला. "जुनं आणि नवं काय जोडलंत! बायको अजून सावरली नाही."

"अहो, मी तक्रार करतेय!"

"करताय ना! अंगावर काटा आला." त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सरबताच्या रांगेत गेला.

रूथामावशी चुलीच्या कट्ट्यावर बसली. इतकी वर्षं खोटं फडकं बांधून ती खरं सांगत होती आणि लोक रडत होते. आता फडकं न बांधता ती खरं सांगायला गेली असती, तरी त्यांनी तिकीटच मागितलं असतं. तिला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि मारिविकला तोंड कसं दाखवावं हे तिला कळेना.

नोकरी जाणार म्हणून ती सामान आवरायला लागली, तोच लँगडन आला. हात पसरून!

"मी आधी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. मग लोकांचे चेहरे पाहिले. मिस रूथाबेल, हे धाडस आहे. हे आपण दर शनिवारी दोन वाजता करायचं! पाचही जणींना घेऊ. डोक्याला फडकी, हातात ताटं, शीळ घालत वाटेनं येतील."

"आणि पासपोर्ट?"

"तो भाग तर हवाच. लोक त्यालाच रडले." मग तो जरा लाजला. "मालक मी होईन म्हणतो. मला ते भोगायचंय."

"तुम्हाला भोगायचंय?"

"हो. टेबलाशी बसून."

रूथामावशीनं आवरायला घेतलेलं सामान खाली ठेवलं. आणि मग तिच्या डोक्यात जे आलं ते तिनं चेहऱ्यावर उमटू दिलं नाही. तेवढी अदाकारी तिच्या हाडीमासी होती.

"मालक व्हायचं तर मग नीट व्हा," ती म्हणाली. "खरा मालक किल्ल्यांचा जुडगा कमरेला बाळगायचा. स्वयंपाकाच्या वेळी कोठी उघडायला बाईच्या हातात द्यायचा, ताट समोर आलं की परत घ्यायचा. ते दाखवा. किल्ल्यांनी लोकांना फार रडू येतं."

लँगडननं ते लगेच वहीत टिपलं. बुधवारी तो दुकानातून रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या किल्ल्या घेऊन आला. मावशीनं त्या हलवून पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या खुळखुळत नाहीत. मागच्या रांगेत ऐकू तरी जाईल का? पोरखेळ वाटतो."

"खरंय," लँगडन म्हणाला, आणि त्यानं खिशातला ऑफिसच्या आणि तिजोरीच्या किल्ल्यांचा स्वतःचा जुडगा काढून हलवून दाखवला. "हा?"

"हा चालेल," मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी खरवड खाताना तिनं मारिविकला सगळं समजावलं. रूथामावशीचा पुतण्या एझ्रा आमच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस. चर्चची गाडी घेऊन तो मागच्या, शिंपल्यांचा चुरा पसरलेल्या कच्च्या रस्त्यावर थांबणार होता. पाचही जणींना त्यात बसवून तो थेट शार्लस्टनच्या एका वकीलबाईकडं नेणार होता, आणि विमानाचं तिकीट चर्चच्या बायकांनी तळलेले मासे विकून आधीच काढलं होतं. डांबरी रस्त्याला लागला की दोनदा हॉर्न देईन, असं त्यानं कबूल केलं होतं.

मारिविकनं चमचा खाली ठेवला. "पण मावशी, मला शीळ येत नाही. आणि आम्ही गेलो तर वाटेवर शीळ कोण घालणार? आवाज थांबला की सर उठून बघायला येतील."

"तू नको घालूस. शीळ घालायला दीडशे माणसं तिकीट काढून येताहेत."

शनिवारी उन्हानं नुसता कहर केला होता. मोठ्या घराच्या जेवणघरात लांब टेबलाच्या टोकाला लँगडन बसला, आजोबांच्या आजोबांचा कोट घालून, गळ्यात रुमाल खोचून. खिडक्या उघड्या होत्या. त्यांतून वाट दिसत नव्हती, मधे कण्हेरीचं दाट कुंपण होतं. पण ऐकू सगळं यायचं, पूर्वीसारखंच. आधी त्यानं पायऱ्यांवर येऊन, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाज करत जुडगा रूथामावशीच्या हातात ठेवला.

"कोठी उघड," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि गर्दीतून एक उसासा आला.

"होय मालक," मावशी म्हणाली. तिनं खाली मान घातली, कारण तिला हसू दाबता येत नव्हतं.

चुलीपाशी पाचजणी फडकी बांधून रिकामी ताटं घेऊन उभ्या होत्या. जुडगा मारिविकच्या ताटात पडला. मावशी लोकांकडं वळली.

"आज नुसतं बघायचं नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही भोगायचं. ह्या बायका वाटेनं जातील आणि शीळ तुम्ही घालायची. डोळे मिटा. लक्षात ठेवा, तुमची शीळ थांबली तर आत बसलेल्या मालकाला कळेल, आणि मार कुणाला बसेल? ह्यांना. तेव्हा थांबायचं नाही!"

दीडशे भल्या माणसांनी डोळे मिटले आणि ओठांचा चंबू केला. काय ती शीळ! निम्म्यांना चाल माहीत नाही, एका म्हाताऱ्याच्या कवळीतून नुसती हवा. पण जीव तोडून, गालांवरून पाणी वाहत असताना. मावशी त्यांच्यापुढं उभी राहून ताल देत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. पाच फडकी कुंपणाआड गेली. ऑफिसचं दार उघडलं. मारिविक बाहेर आली, छातीशी काहीतरी धरून, आणि तिनं धावत येऊन जुडगा मावशीच्या झग्याच्या खिशात टाकला.  मारिविकनं तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला, तिच्या गावी मोठ्यांना लावतात तसा, आणि पळाली.

आत लँगडन टेबलाशी बसून शीळ ऐकत होता. त्याचे डोळे मिटलेले होते. इतकी अखंड शीळ चाललीय म्हणजे सगळ्याजणी वाटेवर आहेत, कुणी काही खात नाही, कुणी कुठं जात नाही. त्याला फार भरून आलं.

शीळ चालू राहिली. जेवण काही येईना. गर्दीतले काहीजण धापा टाकायला लागले, पण थांबायची कुणाची हिंमत होईना. मार बसला असता ना!

मग पाइनच्या झाडांपलीकडून हॉर्न वाजला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

मारिविकच्या आईची पेटी लेकीनं स्वतःच्या हातानं झाकली, हे आम्हाला पुढं कळलं. फौजदारसाहेबांनी तिजोरी बघितली तीही पुढं, वकीलबाईनं वर अर्ज केल्यावर. त्या क्षणी रूथामावशीला ठाऊक होते ते एवढे दोन हॉर्न. तिनं ताल द्यायचं थांबवलं, सकाळीच चुलीवर चढवून ठेवलेलं भाताचं पातेलं फडक्यानं धरून उचललं आणि जुडगा वर ठेवून वाटेनं निघाली. लोकही शीळ घालत तिच्या मागोमाग आले आणि खिडक्यांशी दाटीवाटीनं उभे राहिले.

तिनं पातेलं लँगडनपुढं ठेवलं. किल्ल्या त्याच्या ताटात टाकल्या. समोरची खुर्ची ओढून घेतली आणि बसली. त्या टेबलाशी क्रेल घराण्यातली चुलीकडची बाई कधी बसली नव्हती. तिनं चमचा थेट तळाला घातला, करपलेली खरवड निघेपर्यंत खुरपलं आणि मोठा घास तोंडात टाकला.

खिडकीतली शीळ एकेक करून थांबली.

लँगडननं डोळे उघडले. रिकाम्या दाराकडं बघितलं, किल्ल्यांकडं बघितलं. "मिस रूथाबेल," तो कुजबुजला, "हे तर कार्यक्रमात नाहीये. बाकीच्या कुठायत?"

रूथामावशी चावत होती. तोंड भरलेलं असताना तिला बोलायचं नव्हतं.